चिखल उपसणारे हात

नाताळ जवळ आला की घरोघर शुभेच्छापत्रे येऊ लागतात. त्यांवर बर्फाने झाकलेली छपरे असतात, पांढरी झाडे असतात. आमच्या उष्ण मुलखातील मुलांना बर्फ म्हणजे सणाची शोभा वाटते. परंतु ज्याला भल्या पहाटे उठून तो बर्फ फावड्याने बाजूला सारावा लागतो, त्याच्या दृष्टीने ती शोभा नव्हे. ते काम आहे, आणि धोक्याचे काम आहे. थंड देशांत दर हिवाळ्यात या कामी कित्येकांचे पाय घसरून हाडे मोडतात, कित्येकांची कंबर धरते, आणि हृदय दुबळे असलेली माणसे हाती फावडे असतानाच कोसळतात. दूर कशाला जावे? उत्तराखंडात बद्रीनाथच्या पलीकडे माणा नावाचे गाव आहे. तेथे सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बर्फ काढणाऱ्या मजुरांच्या छावणीवर २८ फेब्रुवारी २०२५ रोजी हिमकडा कोसळला. ५४ जण त्याखाली सापडले. ४६ जणांस जिवंत बाहेर काढता आले. ८ जण दगावले. रस्ता मोकळा झाला म्हणजे आपण तो वापरतो. तो मोकळा करणाऱ्याची आठवण आपणांस क्वचितच होते.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण एका मातेचे पत्र. ही भगिनी खानदेशातील. तिचा मुलगा सुरतेजवळ बमरोलीस यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहे. ती लिहिते, "पावसाचे पाणी कारखान्यात शिरले होते. ओसरल्यावर पोरांनी दोन दिवस चिखल उपसला. तिसऱ्या आठवड्यात माझ्या मुलाला ताप भरला, डोळे लाल झाले, पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की उभे राहवेना. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचला. चिखल उपसण्यात एवढे काय असते, ते कृपा करून सांगावे."

भगिनींनो, बमरोलीत बर्फ पडत नाही. पण बर्फाच्या जागी तेथे गाळ आहे. बमरोली सुरत शहराच्या दक्षिण अंगास, पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ आहे. त्या बाजूस आपल्या नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी जाऊन राहिली आहेत. सुरतेला पाण्याचा अनुभव जुना आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडावे लागले, तेव्हा तापीने शहराचा फार मोठा भाग बुडविला. जून २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा शहरातील खाड्या फुगून वस्त्यांत पाणी शिरले. पाणी येते तेव्हा सर्वजण सावध असतात. ते ओसरले म्हणजे माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका तेथेच फसतो.

पहिला धोका विजेचा. भिंती ओल्या, तारा ओल्या, मागाच्या मोटारीत पाणी. अशा जागी मुख्य बटण बंद केल्याची स्वतः खात्री केल्यावाचून पाऊल टाकू नये. ते बटण पाण्यात उभे राहून किंवा ओल्या हाताने दाबू नये. बंद करणे सुरक्षित नसेल, तर वीज कंपनीच्या माणसास बोलवावे आणि तोवर बाहेरच थांबावे. जाणत्या वायरमनने प्रत्येक मोटार तपासून दिल्याखेरीज ती चालू करू नये. पाणी उपसण्याचे तेलावरचे इंजिन बंद खोलीत कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील विषारी वायूस वास नसतो. माणूस झोप आल्यासारखा खाली बसतो तो पुन्हा उठत नाही.

दुसरा धोका डोळ्यांस न दिसणारा. मातेने वर्णिलेली लक्षणे लेप्टो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तापाशी जुळतात. उंदरांचे आणि गुरांचे मूत्र पुराच्या पाण्यात मिसळते. त्यातील जंतू पायाच्या लहानशा चिरेतून, खरचटलेल्या किंवा पाण्याने भिजून मऊ पडलेल्या कातडीतून, तसेच डोळ्यांतून व तोंडातून शरीरात शिरतात. दक्षिण गुजरातेत भाताच्या व उसाच्या शेतांत राबणाऱ्यांना हा रोग चांगला ठाऊक आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतही त्याची साथ आली होती. ताप बहुधा एका-दोन आठवड्यांनी, कधी महिनाभरानेही येतो. त्यामुळे चिखलाचा आणि तापाचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही. म्हणून चिखलात उतरताना गमबूट व रबरी हातमोजे घालावे. जखम असल्यास ती पाणी न शिरेल अशी झाकावी, आणि जखम मोठी असल्यास त्या दिवशी चिखलात उतरूच नये. काम संपताच साबणाने स्वच्छ अंग धुवावे. चिखलाच्या हाताने विडी ओढू नये, तंबाखू मळू नये, भाकर खाऊ नये. पुढे ताप आलाच, तर डॉक्टरांस पहिल्या वाक्यातच सांगावे, "मी पुराच्या चिखलात काम केले आहे." या एका वाक्याने निदान लवकर होते. प्रतिबंधक गोळ्याही आहेत. मात्र त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्या, मनाने नव्हे. धनुर्वाताची सुई घेतलेली आहे की नाही, हेही विचारून घ्यावे.

तिसरा धोका भाराचा. ओला गाळ पाण्याहून दीडपट आणि त्याहूनही अधिक जड असतो. बर्फाच्या देशातील जाणते कामगार जो नियम पाळतात, तोच येथे लागू आहे: उचलण्यापेक्षा ढकलावे. आधी लाकडी फळीने गाळ दाराकडे ओढून आणावा. उचलायचाच तर घमेले अर्धे भरावे. गुडघे वाकवून उचलावे, कंबर पिळून बाजूला फेकू नये, पायांसह वळावे. अर्ध्या-पाऊण तासाने थांबून पाणी प्यावे. वयस्कर माणसाने आणि ज्यास छातीचे दुखणे आहे त्याने हे काम अंगावर घेऊ नये. काम करताना छातीत कळ आली, दम लागला, घाम सुटला, तर "थोडे राहिले आहे" असे म्हणून पुढे रेटू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

चौथा धोका सर्वांत क्रूर. पाण्याची टाकी, विहीर, गटाराचे भुयार यांत साचलेल्या गाळातून विषारी वायू निघतो. एकजण उतरतो आणि कोसळतो. त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो आणि तोही जातो. अशा जागी कोणी सांगितले तरी उतरू नये. आत कोणी पडल्यास बाहेरूनच अग्निशमन दलास बोलवावे. गटारे व मैल्याच्या टाक्या संरक्षक साधनांशिवाय माणसे उतरवून साफ करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे.

आता थोडे मनाचे. इतकी घाई का होते? शेठला माग सुरू करावयाचे असतात हे तर खरेच. पण कामगारालाही घाई असते. यंत्रमागावर मजुरी बहुधा कापडाच्या मीटरवर मिळते. माग बंद तर मजुरी बंद. गावी पैसे पाठवावयाचे असतात. म्हणून तो अनवाणीच चिखलात उतरतो. त्याला "काळजी घे" म्हणणे सोपे आहे. त्याची चूल पेटती ठेवण्याची तजवीज करणे कठीण आहे. कारखानदारांस आमची विनंती एवढीच की, चिखल उपसण्याच्या दिवसांची रोजी द्यावी आणि बूट-मोजे आधी आणावे, फावडी मागाहून. एका जोडीची किंमत एका माणसाच्या आजारपणाहून फार थोडी आहे.

आणि मातांनो, मुलगा पावसाळ्याआधी कामावर परत निघाला म्हणजे आपण त्याच्या पिशवीत चटणी, लाडू, पापड घालतो. यंदा त्या पिशवीत गमबुटांची एक जोडीही घाला. जागा अडते म्हणून तो कुरकुर करील, करू द्या. आणि पूर येऊन गेल्यावर फोन कराल तेव्हा "जेवलास का?" या नेहमीच्या प्रश्नापाठोपाठ आणखी एक विचारा: "बाळा, ताप तर नाही ना?" महिनाभर विचारीत राहा.