'वय झाले' म्हणून सोडू नका



घरातल्या दादी-नानींचे डोळे पिवळे दिसू लागले की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "कावीळ आहे, उतरवून आणू." दुसरे, "आता वय झाले, दवाखान्यात नेऊन हाल कशाला?" या दोन्हींमुळे हातची वेळ निघून जाते. म्हणून या महिन्यात आम्ही पित्तनलिका आणि स्वादुपिंड यांच्या आजारांविषयी लिहीत आहोत.

यकृतात रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. ते पित्तनलिकेतून लहान आतड्यात उतरते. स्वादुपिंडाची नळीही बहुतेकांमध्ये त्याच तोंडाशी उघडते. वयाबरोबर पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते. एखादा खडा सरकून या तोंडाशी अडकला की पित्त तुंबून कावीळ होते आणि स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते.

मुलांची कावीळ बहुधा दूषित पाण्यातल्या विषाणूची असते आणि काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र गळ्यातल्या माळेला किंवा झाडपाल्याला मिळते. तुंबलेली नळी माळेने मोकळी होत नाही.

ही कावीळ ओळखावी कशी? लघवी गडद होते, शौच पांढुरके, मातीच्या रंगाचे होते, अंगाला खाज सुटते. वृद्ध स्त्रिया संकोचाने हे सांगत नाहीत. मुलीने किंवा सुनेने आपणहून विचारले पाहिजे.

कावीळ, थंडी वाजून ताप आणि पोटाच्या उजव्या बाजूला वरती दुखणे ही तीन लक्षणे एकत्र आली तर नळीत जंतुसंसर्ग झाला असे समजावे. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८७७ मध्ये हे त्रिकूट नोंदवले. वृद्धांमध्ये मात्र तिन्ही दिसतीलच असे नाही. ताप किरकोळ असतो, दुखणे सांगता येत नाही. माणूस नुसता जेवण सोडतो, गुंगीत राहतो, असंबद्ध बोलतो. आपण त्याला म्हातारपण म्हणतो. खरे तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायला हवे.

दुखत नाही म्हणून निश्चिंतही राहू नये. न दुखता वाढणारी कावीळ, घटणारे वजन, उतारवयात अचानक सुरू झालेला मधुमेह यांमागे स्वादुपिंडाचा कर्करोग असू शकतो. सुरुवात रक्ततपासणी आणि सोनोग्राफीने होते. पुढे लागल्यास सीटी स्कॅन किंवा एमआरआय.

खडा काढायला आता बहुतेकदा पोट उघडावे लागत नाही. तोंडातून दुर्बीण घालून नळीचे तोंड रुंद करतात आणि खडा काढतात किंवा स्टेंट बसवतात. याला ईआरसीपी म्हणतात. जर्मनी आणि जपानमध्ये १९७४ पासून हा उपचार सुरू झाला. त्यात रक्तस्रावाचा आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. पण केवळ ऐंशी वर्षांचे वय हे या उपचाराला नकार देण्याचे कारण नाही. कर्करोगाची गाठ काढता येण्याजोगी नसली तरी स्टेंटमुळे खाज कमी होते आणि माणसाला चैन पडते.

खर्चाची चिंता खरी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे आणि त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे कवच मिळते. आधार कार्डावरून नोंदणी होते. कोणते उपचार बसतात हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

"रोजे सुरू आहेत, ईदनंतर बघू" असेही काही बुजुर्ग म्हणतात. आजाऱ्याला अल्लाहने सवलत दिली आहे: बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत, आणि ज्याला ते पुढेही शक्य नाही त्याने फिदिया द्यावा. ही सवलत घेण्यात ईमानाची कमतरता नाही.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याची ताकीद दिली. औषध नसलेली गोष्ट म्हणून त्यांनी एकट्या म्हातारपणाचे नाव घेतले. म्हाताऱ्या माणसाच्या आजाराला औषध नाही, असे त्यांनी म्हटलेले नाही. हा फरक आम्हाला मोलाचा वाटतो.

अल्लाह आपल्या बुजुर्गांना शिफा देवो आणि आपल्याला त्यांच्या खिदमतीची तौफीक देवो. आमीन.