आजी आणि ‘आई’

सीमाभाग म्हटला की आपल्याला बेळगाव-निपाणीच आठवते. पण १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि त्याला लागूनच असलेला पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. घरी मराठी, बहुतेक शाळांत हिंदी. “पोरगे धडा घडाघडा वाचते, पण प्रश्न विचारला की गप्प,” ही तिकडच्या आईबापांची चिंता.

आपल्याकडचे मराठी मूल कन्नड शाळेत गेले की लिपीच बदलते. अडले तर पहिल्याच दिवशी कळते. तिकडे दोन्ही भाषांची लिपी देवनागरी, त्यामुळे न समजताही बिनचूक वाचता येते. ‘नानी आई’ म्हणजे आजी आली. मुलाला मात्र दोन बायका दिसतात. पुस्तकातली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, त्याला छडी आठवते! मग ‘ढ’ म्हणून शिक्का बसतो. (हे अक्षर तेवढे दोन्हीकडे सारखे.)

शिकवणी लावण्याआधी धड्यातली गोष्ट त्याला घरी मराठीत समजावून सांगा आणि मग विचारा. टोपलीत बारा संत्री, पाच वाटली, किती उरली? उत्तर आले तर अडचण भाषेची आहे, पोराच्या बुद्धीची नाही. मराठीतही अडखळले तर मात्र डोळे-कान तपासून घ्या. अक्षरांची सतत उलटापालट होत असेल तर जाणकाराला दाखवा, त्यात लाज कसली?

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५० अ सांगते. ते होईल तेव्हा होईल. पहिली-दुसरीत अवघड शब्द एकदा मराठीतून सांगा, एवढे तर गुरुजींना आजच म्हणता येईल. गुरुजी त्याच गावचे असले तर त्यांच्याही घरी मराठीच असण्याचा संभव आहे.