चाकांवरच्या स्वयंपाकघराला पाणी कुठलं?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण स्वीकारलं, तेव्हा गाडीत झोपायची सोय, शौचालय आणि स्वयंपाकघर असावं हे त्यात धरलेलंच होतं. पण भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांच्या जाहिराती पाहिल्या, तर स्वयंपाकघर म्हणून मायक्रोवेव्ह, लहानसा फ्रीज आणि चहाची किटली एवढंच पुढे केलेलं दिसतं. जेवण वाटेत हॉटेलात करायचं आणि उरलंसुरलं गाडीत गरम करायचं, असा त्यामागचा हिशेब. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. मुलंबाळं आणि आजी-आजोबांना घेऊन आठवडाभर फिरणाऱ्या कुटुंबाला अशा गाडीचा सर्वांत मोठा फायदा कोणता, तर दिवसातलं निदान एक जेवण ताजं, आपल्या चवीचं, आपल्या हाताने रांधता येतं. झोपायला खोली कुठेही मिळते. पण मधुमेह असलेल्या माणसाला ठरल्या वेळी बेताचं जेवण आणि तिखट न सोसणाऱ्या पोराला मऊ वरणभात हायवेवर मिळेलच याची खात्री नसते. म्हणून व्हॅनमध्ये खराखुरा स्वयंपाक व्हायला हवा, आणि तो व्हायचा तर गाडीइतकाच विचार गाडी जिथे मुक्कामाला थांबते त्या जागेचाही करायला हवा.

मायक्रोवेव्ह हा आपल्या जेवणाचा पाया होऊ शकत नाही, याचं कारण साधं आहे. बाराशे वॅट खेचणारं यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचं तर बॅटरीतून शंभरावर अँपिअर जातात. म्हणजे मुक्कामाच्या जागी प्लग मिळेपर्यंत ते बहुतेक शोभेलाच. त्याच्या जागी गॅसची दोन बर्नरची शेगडी आणि तीन लिटरचा कुकर ठेवला, तर खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ, आणि एकाच आचेवर चौघांचा वरणभात होतो. वाफही आत कमी कोंडते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच आहे. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही; कुकरमध्ये तापमान त्याच्या बरंच वर जातं आणि डाळ नेहमीसारखी मऊ शिजते. शेजारच्या बर्नरवर दहा मिनिटांत पिठलं. काकडी चोचवायचं काम बाहेर सावलीत बसून करता येतं. भाकरी मात्र व्हॅनच्या ओट्यावर थापू नये. परातीला जागा पुरत नाही, पीठ उडतं, तवा तापला की आतल्या माणसांचा जीव नकोसा होतो. भाकरी गावातूनच घ्यावी.

घरूनच डबे भरून नेले तर ही यातायात कशाला, असं कोणी विचारेल. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी जरूर न्यावी. त्यांत पाण्याचा अंश कमी असतो म्हणून त्या टिकतात. पण भात, वरण, उसळ यांचं तसं नाही. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेच्या उन्हात तापलेल्या गाडीत तर तेवढाही अवधी देऊ नये. शिजवण्यातून वाचलेले काही जिवाणू भातात पुन्हा वाढतात, आणि त्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. थोडं रांधावं, लगेच संपवावं, हाच प्रवासात सुरक्षित मार्ग.

खरी अडचण पाण्याची आहे. न्यूझीलंडमध्ये गाडीला 'सेल्फ-कंटेन्ड' म्हणजे स्वयंपूर्ण असल्याचं प्रमाणपत्र हवं असेल, तर माणशी दिवसाला किमान ४ लिटर या हिशेबाने ३ दिवसांचं पाणी आणि सांडपाण्याची टाकी गाडीत असावी लागते. चौघांना ४८ लिटर. आपल्याकडे तांदूळ-डाळ धुण्यापासून हळद-तेलाने माखलेली ताटं घासण्यापर्यंत पाणी याहून जास्तच लागेल. मग ते भरायचं कुठे, आणि खरकट्याचं, साबणाचं पाणी सोडायचं कुठे? उत्तर नसलं की ते ओढ्यात नाहीतर तलावाच्या काठावर जातं, आणि पर्यटक घाण करतात म्हणून गावकरी चिडतात. त्यांचं चिडणं रास्तच आहे. पण रस्त्यावर रांधणं महाराष्ट्राला नवं नाही. आषाढी वारीत दिंड्यांचे ट्रक शिधा आणि भांडी घेऊन मुक्कामावर पुढे पोचतात, टँकर उभे राहतात, आणि मागून चालत येणाऱ्यांना गरम जेवण मिळतं. पाण्याची सोय आधी ठरलेली असते म्हणूनच लाखोंची पंगत उठते. चार माणसांच्या गाडीसाठी तेवढीच दूरदृष्टी लहान प्रमाणात दाखवायची आहे.

आगीची भीती मी हलकी मानत नाही. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या रेल्वेच्या पर्यटक डब्याला आग लागून ९ जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांनी बेकायदा गॅस सिलिंडर डब्यात आणला होता. रेल्वेत सिलिंडर नेण्यावर बंदी होती, तरी हे घडलं. खायची सोय नाही असं दिसलं की माणसं बंदी असूनही चूल मांडतात, आणि लपून मांडलेली चूल सर्वांत धोक्याची असते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या, माणसांच्या जागेपासून बंद केलेल्या कप्प्यात पक्का बसवलेला हवा, कप्प्याच्या तळाला गॅस बाहेर जायला भोक हवं, शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी, आणि चाकं फिरायला लागण्याआधी झडप बंद हवी. हे सगळं बसवूनच गाडी भाड्याने दिली जावी, ग्राहकाच्या शहाणपणावर सोडू नये.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे: सुट्टीतही बाईनेच रांधायचं का? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. गाडीत बसलं म्हणून हे आकडे बदलत नाहीत. उलट घरी निदान मोठा ओटा, मिक्सर, कामाला बाई असते. इथे तेही नाही. जिथे तीच बाई तेच काम अधिक अडचणीत करणार असेल, तिथे माझं सगळं म्हणणं मी मागे घेईन. त्या कुटुंबाने खुशाल हॉटेलात जेवावं. पण हा दोष कामाच्या वाटणीचा आहे, आणि वाटणी निघण्याआधी ठरवता येते. व्हॅनच्या ओट्यापाशी एका वेळी एकच माणूस उभा राहू शकतो. तो आज कोण, उद्या कोण, हे कागदावर लिहावं. कुकर लावणं बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकता येतं, पाणी भरणं आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करणं बाबांकडे असावं, आणि जिने काल रांधलं तिने आज भांड्यांना हात लावू नये.

गावच्या खानावळींचं काय, हा प्रश्नही येतो. एक जेवण गाडीत म्हणजे बाकीची बाहेरच. शिवाय हर्णैच्या किनाऱ्यावर कोळणीकडून थेट घेतलेली मासळी आणि गावातल्या बाईकडून मोजून घेतलेल्या भाकरी यांचे पैसे थेट त्यांच्याच हातात पडतात.

सुरुवात पर्यटन विकास महामंडळाने करावी. गणपतीपुळे, तारकर्ली, महाबळेश्वर, भंडारदरा इथे त्यांच्या निवासांपाशी जागा आहे. एका कोपऱ्यात चार गाड्यांपुरता तळ, पिण्याच्या पाण्याचा नळ, पत्र्याखाली भांडी घासायचा ओटा, त्याला खरकटं अडवणारी जाळी, तेलकट पाणी निवळायची टाकी आणि विहिरीपासून लांब शोषखड्डा, एवढं पुरे. त्याचे पैसे रात्रीच्या भाड्यात वेगळे दाखवून घ्यावेत. घरचं जेवण मिळतंय म्हटल्यावर कुटुंबं ते देतील.