वाचक किती वाचतो हे सर्व्हरला विचारू नका

‘लोक आता मोठं वाचत नाहीत, डेटाच सांगतोय.’ मीटिंगमध्ये हे वाक्य पडलं की पुढे कुणी तोंड उघडत नाही. हा डेटा असतो तरी काय?

तुम्ही फोनवर एखादं पान उघडलंत की सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ पडते. आयपी पत्ता, वेळ, कोणतं पान मागितलं, मिळालं (२००) की सापडलं नाही (४०४), किती बाइट गेले, फार तर कुठून आलात आणि ब्राउझर कोणता. बस्स. सर्व्हरने काय केलं, एवढीच ही नोंद. पान उघडं टाकून तुम्ही कुकर बंद करायला गेलात की शेवटपर्यंत वाचून सुन्न बसलात, ओळ तीच. त्यातल्या कितीतरी ओळी तर माणसांच्याही नसतात, बॉटच्या असतात.

मग ‘पानावर घालवलेला वेळ’ कुठून येतो? गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीत तो वजाबाकीने निघायचा: दुसरं पान उघडल्याची वेळ वजा पहिल्याची. दुसरं पान उघडलंच नाही, आणि वेगळी सोयही केलेली नसली, तर वेळ शून्य. म्हणजे चार हजार शब्दांचा लेख वीस मिनिटं मन लावून वाचलात आणि फोन खिशात टाकलात, तर हिशेबात शून्य सेकंद, वर ‘बाउन्स’चा शिक्का! तीन मथळ्यांवर टिचक्या मारून गेलेला मात्र गुणी वाचक. असल्या शून्यांकडे बोट दाखवून लेख छाटायला सांगणारे वाचकांचे जाणकार म्हणून मिरवतात. २०२३ मध्ये ती आवृत्ती बंद झाली. नवी आवृत्ती पान पडद्यावर किती वेळ समोर होतं ते मोजते. डोळे कुठे होते, ते तिलाही ठाऊक नाही.

तुम्ही कोण आहात, हे मात्र लॉग चांगलं सांगू शकतो, आणि ते कुणी मीटिंगमध्ये बोलत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेत एओएलने साडेसहा लाखांवर वापरकर्त्यांचे तीन महिन्यांचे सुमारे दोन कोटी शोध संशोधकांसाठी खुले केले. नावं काढून क्रमांक घातले होते. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी नुसत्या शोधांवरून एका क्रमांकामागच्या बाईंना गाठलं. शोध वाचून वाटावं, यांना केवढे आजार! प्रत्यक्षात त्या मैत्रिणींच्या दुखण्यांची माहिती काढत होत्या, आणि हे त्यांना विचारल्यावरच कळलं.

तेव्हा ‘डेटा सांगतोय’ म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. किती वाचकांशी बोललात? आणि त्यांचे लॉग किती दिवसांनी पुसता?