गाणे पोहोचले, भाषेचे काय?

बेलापूर म्हटले की मुंबईकराला नवी मुंबईतील बेलापूरच आठवते. अहिल्यानगर जिल्ह्यातील, श्रीरामपूर तालुक्यातील प्रवराकाठचे बेलापूर त्याच्या गावीही नसते. दौंड-मनमाड लोहमार्गावरील ज्या स्थानकाने या गावाचे नाव देशभरच्या वेळापत्रकांत नेले, ते बेलापूर स्थानकही बेलापुरात नाही; ते आहे श्रीरामपूर शहरात. नाव एकीकडे आणि गाव दुसरीकडे, ही विचित्र स्थिती बेलापूरकरांच्या केव्हाच अंगवळणी पडली आहे. मराठी भाषेच्या बाबतीत सध्या काहीसे असेच घडू लागले आहे, म्हणून ही आठवण.

फेब्रुवारी २०२४मध्ये ‘गुलाबी साडी’ हे गीत प्रसिद्ध झाले. जळगाव जिल्ह्यातील धानवड येथील संजू राठोड या तरुणाने ते लिहिले आणि गायले. संगीताची बाजू ‘जी-स्पार्क’ने सांभाळली. पाठीशी कोणता चित्रपट नाही, नामवंत नट-नटी नाहीत. गुलाबी साडी नेसून नटलेली एक तरुणी आपल्या प्रियकराकडे छायाचित्र काढण्याचा हट्ट धरते, एवढाच त्याचा विषय. पाहता पाहता हे गीत कोट्यवधी लोकांनी पाहिले-ऐकले, अमराठी तारे-तारकांनी त्यावर ठेका धरला आणि काही आठवड्यांतच न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील फलकावर ते झळकले. तेथे झळकलेले हे पहिले मराठी गाणे, अशी त्याची ख्याती झाली. बेलापूर-श्रीरामपूर पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर आणि लग्नाच्या वरातींत असली गाणी वाजतात, त्याला अर्थातच कोणा फलकाची गरज लागत नाही.

या यशावर मराठी अभिजनांची प्रतिक्रिया मोठी मासलेवाईक होती. प्रथम नाके मुरडली गेली. यात काव्य कोठे आहे, भावगीतांच्या परंपरेचे हे काय झाले, असे उसासे निघाले. न्यूयॉर्कची वार्ता येताच मात्र तेच गाणे ‘मराठीचा अभिमान’ ठरले! वास्तविक टाइम्स स्क्वेअरवरील फलक ही भाड्याने मिळणारी जाहिरातीची जागा आहे. ते काही रसिकतेचे न्यायपीठ नव्हे. गाणे यशस्वी झाले ते खानदेशात, मराठवाड्यात, पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत. फलक त्यानंतर आला. पण परदेशी शिक्का उमटल्याखेरीज आपल्या घरची वस्तू मोलाची न वाटण्याची खोड काही सुटत नाही. योगाच्या बाबतीत हेच झाले, आयुर्वेदाच्या बाबतीत हेच झाले.

‘गुलाबी साडी’ला श्रेष्ठ काव्य म्हणण्याचे कारण नाही, तसा तिचा दावाही नाही. परंतु प्रेमगीत म्हटले की अंगप्रदर्शन आणि द्व्यर्थी शब्द हवेतच, या बाजाराच्या सिद्धान्ताला तिने सहज खोटे पाडले. आधीच्या गाण्यात नऊवारी, येथे गुलाबी साडी. आपल्या माय-बहिणींच्या नित्याच्या वेशाभोवती या तरुणाने गाणी बांधली आणि ती जगाने उचलली. आधुनिक दिसण्यासाठी आपले सारे सोडावे लागते, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. संजू राठोड बंजारा समाजातून आलेला आहे. तांड्यावरची बोली गोरमाटी. मराठी तेथील मुलाला बहुधा शाळेत आणि बाजारात भेटते. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते ते आपल्या मुलांना तिच्यापासून दूर नेत असताना, तांड्याच्या समाजातील एका मुलाने तिला आपली म्हटले आणि साता समुद्रापार पोहोचविले. भाषा कोणाची, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर कोणते असू शकेल?

आता प्रश्न पुढचा. गाणे गेले, त्याच्यामागून भाषा जाईल काय? मॉरिशसचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तेथे गेलेल्या मराठी माणसांनी गणेशोत्सव जपला, भजन जपले, झाकरीचा नाच जपला. त्यांच्या वंशजांच्या घरातील रोजची बोली मात्र बहुतांशी क्रिओल झाली. सूर राहिले, संभाषण विरले. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने मराठी शाळा चालतात, पालक सुटीच्या दिवशी स्वतः शिकवतात. हे कार्य आदरणीय आहे. तेथील मुले या गाण्यावर हौसेने नाचत असतील, तर त्याच गाण्याच्या ओळी फळ्यावर लिहून क्रियापदे आणि विभक्ती शिकवायला काय हरकत आहे? व्याकरणाच्या पुस्तकाने जे साधत नाही, ते ठेक्याने साधू शकेल.

परदेशाचे राहू द्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पेढे वाटले गेले. शाळांतून मराठी सक्तीची करणारा कायदा त्यापूर्वीच, २०२०मध्ये झाला होता. २०२३मध्ये अन्य मंडळांच्या शाळांसाठी मराठीचे मूल्यमापन श्रेणीपुरते ठेवण्याची सवलतही दिली गेली. गुणांच्या बेरजेत जो विषय धरला जात नाही, तो मुलांच्या आणि पालकांच्या मनात किती उरणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

बेलापूरच्या शिवारात दरवर्षी गळीत हंगामाला ऊसतोड टोळ्या उतरतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी आलेली ही कुटुंबे बीडची असतात, खानदेशातील असतात. त्यांत तांड्यावरची अनेक. सोबत मुले येतात आणि गावाकडची त्यांची शाळा अर्ध्यावर तुटते. मोठी मुले कोयता नसला तरी धाकट्याला सांभाळत फडाच्या बांधावर बसतात. साखरशाळांचे प्रयोग झाले. कोठे टिकले, कोठे एका हंगामात संपले. मराठी ज्यांना शाळेतच मिळणार आहे, ती ही मुले. रात्री कोपीपुढे मोबाइलवर हेच गाणे वाजते आणि ती ते तोंडपाठ म्हणतात. त्यांतील कितीजणांना त्या ओळी लिहिता येतात, हे येत्या हंगामात श्रीरामपूर तालुक्याच्या शिक्षण विभागाने कोपी-कोपीवर जाऊन मोजावे, आणि ज्यांना येत नाहीत त्यांची नावे त्याच आठवड्यात जवळच्या शाळेच्या पटावर चढवावीत.