‘ओ’ देणारा खरा कोण?

सयाजीगंजात आमच्या भाड्याच्या खोल्यांखाली पोस्टमन नाव पुकारतो आणि ज्याचे पत्र असेल तो ‘ओ’ देतो. संगणकांचेही असेच चालते. एका यंत्राला दुसऱ्याचा आयपी पत्ता ठाऊक असतो. पण निरोप पोचवायला त्याच्या नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा पत्ता लागतो. म्हणून ते जाळ्यातील सर्वांना विचारते, “हा आयपी कोणाचा?” ज्याचा असेल तो उत्तर देतो, विचारणारा ते काही काळ टिपून ठेवतो. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ साली मांडलेली ही ‘एआरपी’ नावाची रीत आजही चालू आहे.

माझी तक्रार पुढेच आहे. उत्तर देणारा खरा की तोतया, हे ही रीत तपासतच नाही! पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याची निदान चौकशी तरी झाली. इथे शेजारच्या खोलीतला कोणी ‘राउटर मीच’ म्हणाला, की साऱ्यांची ये-जा त्याच्या हातून! सांकेतिक मजकूर त्याला वाचता येत नाही, हे खरे. पण बाकीचे उघडेच.

वर्गात मात्र आम्ही हे पाच गुणांची टीप म्हणून घोकतो. प्राध्यापकांनी प्रयोगशाळेतील बंदिस्त जाळ्यावर ही तोतयेगिरी एकदा करून दाखवावी. तीन संगणक नि एक तास पुरे.