रिस्पॉन्स कसा आहे?

‘पॉझिटिव्ह राहा’ ह्या दोन शब्दांवर कायद्याने बंदी आणावी अशा मताला मी आलोय. सगळीकडे नको. पण ज्या घरात ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू आहे आणि ऑपरेशन अजून व्हायचंय, त्या घराच्या आसपास तरी. शाळेजवळ सिगरेट विकायला बंदी असते ना, तशी.

आधी ऑपरेशन, मग केमो असा क्रम आपल्या डोक्यात बसलेला असतो. हल्ली बऱ्याच जणींच्या बाबतीत तो उलटा करतात. आधी केमो देऊन गाठ लहान करायची. मग काही वेळा पूर्ण स्तन न काढता भागतं, आणि औषध ह्या गाठीवर चालतंय का हेही कळतं. माझ्या मावशीचं सध्या हेच चालू आहे. तीन-तीन आठवड्यांनी एक असे चार डोस झाले, आता दर आठवड्याला एक असे बारा. एकूण सहा महिने. आणि ह्या सहा महिन्यांत घरी येणारा प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतो, “काय, रिस्पॉन्स कसा आहे?”

अहो, तिला कसं माहीत असणार? ह्या प्रश्नाचं पक्कं उत्तर ऑपरेशनच्या आधी कुणाकडेच नसतं. डॉक्टर हाताने तपासतात, मध्ये सोनोग्राफी किंवा एमआरआय होतो, अंदाज येतो. पण अंदाजच. काही गाठी सगळ्या बाजूंनी आकसतात, काही जागच्या जागी चाळणीसारख्या होतात, बऱ्याच पेशी मेलेल्या आणि इथे-तिथे थोड्या जिवंत. कधी हाताला लागतं ते व्रणासारखं कडक झालेलं टिश्यू असतं, कॅन्सर उरलेलाच नसतो. कधी बरोब्बर उलटं. अमेरिकेत 1988 साली एनएसएबीपी बी-18 नावाची मोठी ट्रायल सुरू झाली होती. आधी केमो घेतलेल्यांपैकी 80 टक्के जणींची गाठ लहान झाली, 36 टक्के जणींची तर हाताला लागेनाशी झाली. आणि ह्या ‘नाहीशी’वाल्यांपैकी मायक्रोस्कोपखालीही काही सापडलं नाही अशा किती? फक्त 26 टक्के. औषधं आणि स्कॅन तेव्हापासून खूप सुधारलेत, तरी शेवटचा निकाल आजही काढलेल्या टिश्यूच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरच लागतो. टेस्टिंगला सगळं हिरवं दिसलं म्हणून प्रॉडक्शनला आग लागत नाही असं थोडंच आहे?

आता आमचे एक नातेवाईक (नातं सांगत नाही, ते हे वाचतात). चार डोसांनंतर गाठ जेमतेम हाताला लागतेय म्हटल्यावर त्यांनी फतवा काढला, “गाठ गेली ना? मग ऑपरेशन कशाला? ह्यांना बिल वाढवायचंय.” बिलाबद्दलची चीड मला कळते, बिलं मीही भरलीत. पण मावशीच्या गाठीत केमोआधीच एक धातूची क्लिप बसवली होती, तांदळाच्या दाण्याहून लहान. कशासाठी? गाठ दिसेनाशी झाली तरी ती कुठे होती हे सर्जनला सापडावं म्हणून! ऑपरेशन पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. ते टाळता येईल का ह्यावर निवडक पेशंट घेऊन संशोधन चालू आहे, पण ते ट्रायलमध्ये. आमच्या हॉलमध्ये नाही.

दुसरी पार्टी ह्याच्या उलट. “अजून गाठ आहेच? मग केमो लागू पडत नाही, बंद करा, आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत...” मावशीचा प्रकार हॉर्मोन-पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. ह्यात केमोने सगळं साफ होणं मुळातच कमी जणींच्या वाट्याला येतं, आणि नाही झालं तरी पुढे हॉर्मोनच्या गोळ्या वर्षानुवर्षं काम करत राहतात. हर-टू पॉझिटिव्हमध्ये साफ होण्याचं प्रमाण बरंच जास्त, म्हणून तिथे काही उरलं तर काळजी जास्त. पण तिथेही 2019 साली छापून आलेल्या कॅथरीन ट्रायलमध्ये, अशा पेशंटचं औषध ऑपरेशननंतर बदललं तर तीन वर्षांनी 88.3 टक्के जणांचा कॅन्सर परतलेला नव्हता. जुनंच औषध चालू ठेवलेल्यांत 77 टक्के. काय उरलं ते कळलं म्हणून पुढचं औषध ठरवता आलं. आपण मात्र रिपोर्टला दहावीचा निकाल समजून पेढे नाहीतर सुतक!

आणि आता पॉझिटिव्हवाले. मन प्रसन्न तर गाठ लहान, असा ह्यांचा हिशेब. बरं, मग गाठ लहान नाही झाली तर? तर तुझंच मन कमी पडलं. परवा मावशीने मला हळूच विचारलं, “मी रात्री रडते, त्याने औषध कमी लागत असेल का रे?” तीस वर्षं बँकेत कॅश सांभाळलेली बाई ही. च्यायला, हे तिच्या डोक्यात कुणी घातलं?

1989 साली डेव्हिड स्पीगल ह्यांच्या अभ्यासात सपोर्ट ग्रुपला जाणाऱ्या बायका जास्त जगल्या असं दिसलं होतं, त्याचा गाजावाजाही झाला. पण 2001 साली कॅनडातल्या 235 बायकांच्या अभ्यासात तसं आढळलं नाही. मन सावरलं, वेदना कमी जाणवल्या, आयुष्य वाढलं नाही. 2007 मध्ये खुद्द स्पीगलच्या दुसऱ्या अभ्यासातही एकूण पेशंटमध्ये फायदा दिसला नाही. ग्रुपला जरूर जावं. बरं वाटतं, एवढं कारण पुरे आहे. आणि रडावंसं वाटलं तर रडावं. औषध नसेतून जातं, डोळ्यांतून नाही.

सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते म्हणजे “तिला सांगू नका”. मधला स्कॅन झाला तेव्हा डॉक्टर कॉरिडॉरमध्ये मामाशी बोलले, आणि मावशी आत बेडवर चेहऱ्यांवरून अंदाज बांधत बसली. पुढच्या वेळी ती स्वतः वही घेऊन गेली. पुढचा स्कॅन कधी? मध्येच गाठ वाढली तर काय करणार? उत्तर मिळालं, औषध बदलू किंवा ऑपरेशन लवकर करू. ऑपरेशननंतर काही उरलेलं सापडलं तर? त्याचंही उत्तर होतं. पाच मिनिटं लागली. त्या रात्री ती नीट झोपली, असं काकांनी सांगितलं.

तर मंडळी, रिपोर्ट ऑपरेशननंतर येईल तेव्हा येईल, आणि तो आधी तिच्या हातात जाईल. तोवर फोन करायचाच असेल तर चारनंतर करा, तोवर तिची झोप झालेली असते. आणि हो, औषधाने बोटांना मुंग्या येतात, फोन धरवत नाही, म्हणून ती स्पीकरवर बोलते. तुम्ही जे काय बोलाल ते सगळं घर ऐकतं.